न दुखणारे मूत्रपिंड

डिसेंबर १९५२. फ्रान्समध्ये सुतारकाम करणारा मारिउस रेनार नावाचा सोळा वर्षांचा मुलगा उंचावरून पडला. त्याचे मूत्रपिंड फुटले. रक्तस्राव थांबेना म्हणून डॉक्टरांनी ते काढून टाकले आणि मग लक्षात आले की, या मुलाला जन्मापासून तेवढे एकच होते. त्या काळी अशा रुग्णापुढे मरणाखेरीज काही उरत नसे. आई मात्र ऐकेना. माझे एक काढा आणि त्याला बसवा, असा तिने धोशाच लावला. नाताळच्या आदल्या रात्री नेकेर रुग्णालयात डॉ. झाँ आंबुर्जे यांच्या पथकाने ते धाडस केले. आईचे मूत्रपिंड मुलाच्या शरीरात काम करू लागले. तीन आठवडे सारे सुरळीत चालले होते. मग शरीराने तो परका अवयव नाकारला आणि थोड्याच दिवसांत मुलगा गेला.

दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. जुळे अगदी एकसारखे असल्यामुळे शरीराने तक्रार केली नाही आणि तो भाऊ पुढे आठ वर्षे जगला. मरे यांना १९९० साली नोबेल मिळाले. आपल्याकडे १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९८३ पासून सायक्लोस्पोरिन आणि त्यापाठोपाठ नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस ही औषधे आली आणि नाकारण्याची भीती पुष्कळ आटोक्यात आली. आज आईचे मूत्रपिंड मुलाच्या पोटात दहा-पंधरा वर्षे चालते, काहींचे वीस वर्षांच्याही पुढे जाते. मारिउसच्या आईला जे तीन आठवडे मिळाले, ते आता मुलाच्या दहावी-बारावीपर्यंत, कधी लग्नापर्यंत ताणले गेले आहेत.

म्हणजे शस्त्रक्रिया जमेल का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. प्रश्न आहे तो नंतरच्या वर्षांचा. आणि तिथे आपण, म्हणजे कुटुंबे, देणगीदार, सरकार आणि वर्तमानपत्रेसुद्धा, अजून शस्त्रक्रियेच्या दिवशीच थांबलेलो आहोत. ‘आईने दिले लेकराला जीवदान’ हा मथळा आपण सर्वांनी वाचलेला असतो. त्याच लेकराची चौथ्या वर्षीची सोनोग्राफी कोणी केली, तिचे पैसे कोणी भरले आणि ती चुकली तेव्हा काय झाले, याची बातमी होत नाही.

मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर का, ते समजून घेण्यासारखे आहे. मोठ्यांची मूत्रपिंडे बहुधा मधुमेहाने किंवा रक्तदाबाने निकामी होतात. लहान मुलांत मात्र एक मोठा वाटा जन्मजात दोषांचा असतो, आणि त्यातला बराचसा दोष मूत्रपिंडात नसून पुढच्या वाटेत असतो. काही हजार मुलग्यांमागे एखाद्याच्या मूत्रमार्गात जन्मतःच पातळ पडदे असतात. आईच्या पोटात असल्यापासून त्याची लघवी अडते, मूत्राशय जोर लावून लावून जाड होतो आणि तुंबलेल्या दाबाने वरची दोन्ही मूत्रपिंडे खराब होत जातात. हल्ली पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे पुष्कळदा दिसते. जन्मानंतर दुर्बिणीतून पडदे छेदता येतात. तरीही त्यातल्या काही मुलांवर पुढे प्रत्यारोपणाची वेळ येतेच. दुसऱ्या काही मुलांत लघवी मूत्राशयातून उलटी वर चढत राहते, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंडावर व्रण पडत जातात.

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत कसली, अडचणच. नवे मूत्रपिंड येते. पण ते जोडले जाते जुन्याच मूत्राशयाला. ज्या जाड, ताठर, दाबाच्या पिशवीने पहिली दोन खराब केली, तीच तिसऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून जाणते शल्यविशारद प्रत्यारोपणाच्या आधी मूत्राशयाची कसून तपासणी करतात. गरज पडली तर आधी त्याचा इलाज करतात, आतड्याचा तुकडा लावून तो मोठा करतात आणि मगच पुढे जातात. पालकांना वाटते, डॉक्टर उगाच उशीर करताहेत. तो उशीर सोसण्यासारखा असतो.

नवे मूत्रपिंड बसवतात कुठे, हेही अनेकांना ठाऊक नसते. ते कंबरेच्या मागे जुन्या जागी बसत नाही. मोठ्या माणसांत आणि मोठ्या मुलांत ते पुढच्या बाजूला, ओटीपोटात बहुधा उजवीकडे ठेवतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. जुनी मूत्रपिंडे बरेचदा तशीच राहू देतात. अगदी लहानग्याच्या पोटात आईचे मूत्रपिंड मावणेच मुश्कील. तिथे ते थेट मुख्य रक्तवाहिन्यांना जोडावे लागते. मग त्याची मूत्रवाहिनी मूत्राशयाला शिवतात.

सारी मेख या शिवणीत आहे. या वाहिनीला रक्त मिळते ते वरून, मूत्रपिंडाकडून. गल्लीतल्या शेवटच्या घराच्या नळाला जसे पाणी कमी दाबाने येते, तसे या नळीच्या खालच्या टोकाला रक्त कमी पोचते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत तिथून लघवी पाझरू शकते, किंवा पुढे काही आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, ते टोक आकसून अरुंद होते. आसपास लसीकाद्रव साठून त्याची पिशवी होते आणि ती बाहेरून वाहिनी दाबते. रक्तवाहिनीच्या जोडाशी अरुंदपणा आला तर रक्तदाब चढू लागतो. यातले बहुतेक सारे वेळेवर कळले तर दुरुस्त होण्यासारखे असते. कळले तर.

आणि कळणार कसे? मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला विचारा. लघवीची वाट अडली की माणूस जमिनीवर लोळतो. पण प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या नसा दात्याच्या शरीरातून काढतानाच तुटलेल्या असतात. रक्तवाहिन्या जोडता येतात, मूत्रवाहिनी जोडता येते, या नसा जोडत नाहीत. त्यामुळे त्याची वाट अडली तरी ती नेहमीची कळ येत नाही. मूल खेळत असते, जेवत असते, शाळेत जात असते आणि आत मूत्रपिंड फुगत असते. शरीराने निसर्गतः दिलेली धोक्याची घंटा इथे काढूनच ठेवलेली आहे. सोनोग्राफी म्हणजे या मुलांची उसनी कळ.

आमच्या शाखेत शिपाई असलेल्या एका गृहस्थांच्या नातवाची गोष्ट सांगतो. मुलाचे वडील मधुमेही, आईचा रक्तगट जुळेना. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळच्या नातलगांच्या यादीत आजी-आजोबा नव्हते. २०११ च्या दुरुस्तीने ते आले. त्यामुळे आजीचे मूत्रपिंड नातवाला देता आले. नऊ महिन्यांनी मुलगा ठणठणीत असताना नेमाची सोनोग्राफी झाली आणि मूत्रपिंड फुगलेले दिसले. खालचे टोक अरुंद झाले होते. आधी पाठीमागून नव्हे, पोटावरूनच नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढली आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया करून वाहिनी नव्याने जोडली. मूत्रपिंड वाचले. मी भेटायला गेलो तेव्हा आजीबाई म्हणाल्या, “अहो साहेब, त्याला कायबी दुखत नव्हतं. आम्ही जायाचंच रद्द करणार होतो. सोयाबीन काढायला आलं होतं ना.”

या वाक्यात सगळे आले. दुखत नाही तर डॉक्टरकडे कशाला, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. इतर बहुतेक आजारांत ती चालून जाते.

कोणी म्हणेल, रक्त तपासले की क्रिएटिनिन कळते, मग सोनोग्राफी कशाला? क्रिएटिनिन हवेच. पण मुलांत ते फसवू शकते. मुलाच्या अंगावर स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी असते. त्यात आईचे किंवा आजीचे पूर्ण वाढीचे मूत्रपिंड छोट्या शरीरात बसलेले. तीन माणसांच्या घरात लग्नाचे पातेले आणावे तसे. ते बरेचसे बिघडले तरी उरलेले काम भागवून नेते आणि आकडा नीटच दिसतो. आकडा चढतो तोवर उशीर झालेला असतो. उलट ओटीपोटातले हे मूत्रपिंड कातडीच्या अगदी जवळ असल्याने सोनोग्राफीत फार स्पष्ट दिसते. डॉपलरने त्यातला रक्तप्रवाह कळतो. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, मुलाला भूल द्यावी लागत नाही. बहुतेक केंद्रांत शस्त्रक्रियेनंतर लगेच, पहिल्या आठवड्यात पुन्हा, मग तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याच्या आसपास आणि पुढे वर्षाला एकदा अशी काहीशी पद्धत असते. नेमके वेळापत्रक प्रत्येक केंद्र आपापल्या अनुभवाने ठरवते. शंका आल्यास आयसोटोपची तपासणी, मूत्राशयात द्रव भरून काढलेले चित्र, किंवा बायोप्सी.

सरसकट इतक्या सोनोग्राफी कराव्यात का, याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही आणि त्यांच्या शंकेत तथ्य आहे. मूत्राशय भरलेला असताना प्रत्यारोपित मूत्रपिंड थोडे फुगलेले दिसणे हे पुष्कळदा निरुपद्रवी असते. म्हणून लघवी करवून पुन्हा पाहायचे असते आणि लघवीनंतर आत किती शिल्लक राहते तेही मोजायचे असते. तालुक्याच्या गर्दीत हे दुसऱ्यांदा पाहणे कधी राहून जाते, अहवालावर ‘सूज’ असा शब्द येतो आणि आईबापांची रात्रीची झोप उडते. पण माझे मत विचाराल तर एका रात्रीची झोप ही स्वस्त किंमत आहे. अहवाल वाचणाऱ्याला मागचे अहवाल समोर मिळाले तर ही भीतीही निम्मी होते. कारण खरा प्रश्न आज किती फुगले आहे हा नसून मागच्या खेपेपेक्षा किती बदलले हा आहे.

मागचे अहवाल! इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. मागची शिल्लक ठाऊक नसेल तर आजची नोंद करता येत नाही, हे आमच्याकडे शिकाऊ कारकुनालाही पहिल्या दिवशी सांगत. सोनोग्राफीची चित्रे ज्या कागदावर छापतात तो उष्णतेने उमटणारा कागद असतो. दोन-चार वर्षांत तो फिका पडतो. काही काळजीवाहू बाप तो टिकावा म्हणून लॅमिनेशन करून घेतात आणि यंत्राच्या उष्णतेने अख्खे चित्र काळेठिक्कर होते. त्यापेक्षा लगेच झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि टंकलेला अहवाल जपून ठेवावा. आणखी एक करावे. नव्या ठिकाणी सोनोग्राफीला गेल्यावर मूत्रपिंड कुठल्या बाजूला बसवले आहे, कोणत्या तारखेला, कोणाचे, हे आपण होऊन सांगावे.

शिवणीच्या जागी आधार म्हणून डॉक्टर मूत्रवाहिनीत एक बारीक नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. ती साधारण दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीतून काढायची असते. मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते, म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा दाखल होणे, पुन्हा खर्च. नळी दुखत नाही, मूल बरे असते, घरात सुगी असते किंवा परीक्षा असते. नळी राहून जाते. महिने उलटतात, तिच्यावर क्षार चढून खडे बनतात, जंतू घर करतात आणि जी पाच-दहा मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. विसरलेल्या स्टेंटच्या हकीकती जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत; केवळ आपल्याकडचे हे दुखणे नाही. पण बँकेत मुदत संपणाऱ्या प्रत्येक ठेवीची, प्रत्येक हुंडीची तारीख डायरीत लिहिलेली असते आणि ती डायरी रोज सकाळी उघडली जाते. ठेवीदार विसरला तरी शाखा विसरत नाही. रुग्णालयात बसवलेल्या प्रत्येक स्टेंटची अशी डायरी का असू नये? तारीख टळली की त्या घरी फोन गेला पाहिजे. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरतो.

खर्चाचेही असेच. हिशेबात भांडवली खर्च आणि चालू खर्च वेगळे असतात. आपल्या दातृत्वाला भांडवली खर्च आवडतो. शस्त्रक्रियेसाठी गावात वर्गणी निघते, देवस्थानांचे न्यास धनादेश देतात, आमदार शिफारसपत्र देतात. २०१२ मध्ये राज्यात सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत कुटुंबासाठी वर्षाला दीड लाखाची मर्यादा असताना मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख ठेवले होते, ही चांगलीच गोष्ट होती. २०१७ मध्ये त्या योजनेला महात्मा फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे मर्यादाही वाढल्या. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णांच्या औषधांसाठी महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते. ज्यांना गरज आहे त्यांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जरूर विचारावे. पण सहाव्या वर्षीच्या एस.टी.च्या तिकिटाला, बुडालेल्या मजुरीला, सोनोग्राफीच्या बिलाला वर्गणी काढायला कोण उभे राहते? मूल तर धडधाकट दिसत असते.

रेल्वेच्या भाडेसवलतीची यादी पाहावी. कर्करोगाच्या आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना उपचारासाठी आणि नियमित तपासणीसाठी जाताना सवलत आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णापुढे मात्र लिहिले आहे: प्रत्यारोपण शस्त्रक्रियेसाठी किंवा डायलिसिससाठी. म्हणजे मूत्रपिंड नसेपर्यंत सवलत आणि ते टिकवायला जाताना पूर्ण भाडे. हे कोणी दुष्टपणाने केले असेल असे मला वाटत नाही. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रिया म्हणजे शेवट, एवढेच असणार. त्या ओळीत ‘नियमित तपासणी’ हे दोन शब्द घालायला रेल्वेचे काय जाणार आहे? या मुलांची संख्या इतकी थोडी आहे की एका गाडीच्या उत्पन्नातही फरक दिसणार नाही. आपल्या खासदारांना पत्रे लिहिणाऱ्या वाचकांनी या ओळीवर एक पत्र खर्च करावे.

आणि शाळा. या मुलांनी दिवसभर भरपूर पाणी प्यायचे असते आणि वेळच्या वेळी लघवीला जायचे असते. मूत्राशय तुंबू द्यायचा नाही, हा त्यांच्या औषधाइतकाच महत्त्वाचा नियम. काहींना तर ठराविक तासांनी स्वतःच बारीक नळी घालून मूत्राशय रिकामा करावा लागतो. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की त्यासाठी शस्त्रक्रियागृहाचा निर्जंतुकपणा लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. त्या एका शोधाने हजारो मुलांची मूत्रपिंडे वाचली. पण धुतलेल्या हातांना पाणी लागते. दाराला कडी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी असलेच पाहिजे असे लिहिलेले आहे. तरी आपल्या घरातल्या कुठल्याही मुलीला विचारा, ती शाळेत पाणी का पीत नाही. निरोगी मूल शाळा सुटेपर्यंत धरून ठेवते आणि घरी येऊन पळत सुटते. त्याचे निभावून जाते. आजीचे मूत्रपिंड घेऊन वर्गात बसलेल्या मुलाचे निभावत नाही. त्याने बोट वर केले की “मधल्या सुटीत जा” असे सांगणाऱ्या गुरुजींना हे कोणीतरी जाऊन सांगायला हवे, आणि पालक ते सांगत नाहीत. मुलाला वेगळे पाडतील, चिडवतील, मुलगी असेल तर पुढे स्थळे येणार नाहीत, अशी त्यांना भीती असते. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण एका वर्गशिक्षकाला विश्वासात घेणे जमण्यासारखे आहे.

सर्वांत अवघड काळ अजून पुढेच असतो. जगभरच्या नोंदींत पुन्हापुन्हा असे दिसते की, लहानपणी बसवलेले मूत्रपिंड गमावण्याचा धोका सतरा-अठराव्या वर्षापासून पंचविशीच्या आसपासपर्यंत विशेष वाढतो. कारणे कळण्यासारखी आहेत. स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, उंची खुंटते, काही औषधांनी अंगावर लव वाढते. आरशात पाहण्याचे वय असते. गोळी चुकवली तर आठवडाभर काही होत नाही, म्हणजे तसे वाटते. त्याच सुमारास बालरुग्ण विभाग त्याला निरोप देतो आणि मोठ्यांच्या ओपीडीत पाठवतो. तिथे त्याला नावाने हाक मारणारी परिचारिका नसते, रांग लांब असते, डॉक्टर नवे असतात. आजवर फाइल आईच्या पिशवीत असे. तो वसतिगृहात राहायला जातो तेव्हा ती घरीच राहते.

काही बालरोग विभागांनी यावर साधा उपाय केला आहे. मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की डॉक्टर प्रश्न आईला विचारत नाहीत. गोळ्यांची नावे कोणती, सकाळी किती वाजता घेतोस, मागचे क्रिएटिनिन किती होते, पुढची सोनोग्राफी कधी, हे सगळे त्यालाच. पहिल्या दोन-तीन भेटींत मुलगा आईकडे पाहतो. आई उत्तर द्यायला तोंड उघडते, तेव्हा डॉक्टर हाताने तिला थांबवतात आणि वाट पाहतात.